अठ्ठेचाळीसचं तुफान

चौलच्या आमच्या घरात जन्मतारखा कुणाला ठाऊक नसत. धाकट्या आत्याचं वय विचारलं की आजी म्हणायची, "अठ्ठेचाळीसच्या तुफानात ती पाळण्यात होती." थोरल्या काकांची मुंज तुफानाच्या आदल्या वर्षीची, विहिरीवरचा रहाट तुफानानंतरचा. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर आदळलेल्या चक्रीवादळानं अलिबागकडच्या आमच्या अष्टागर पट्ट्यालाही हिसका दिला होता. दिवाळी होऊन गेलेली, पाऊस सरलेला, आणि एका रात्रीत वाडीतल्या पोफळी कमरेत मोडल्या, घरावरची कौलं पार शेजारच्या खळ्यात जाऊन पडली.

आजी हे सांगताना त्याच रात्री 'रामदास' बोटही बुडवायची. प्रत्यक्षात रेवसला निघालेली ती बोट त्याआधी सोळा महिने, जुलै १९४७ मध्ये, गटारीच्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ते पावसाळी उधाण होतं, चक्रीवादळ नव्हे. पण आजीच्या लेखी दर्याचा कोप एकच.

म्हाताऱ्यांच्या गोष्टी म्हणजे हवामानखात्याची नोंदवही नव्हे, हे कबूल. तरी एक गोष्ट त्यांतून पक्की कळते: तुफानावरून वय मोजता येत होतं, कारण ते आयुष्यात एखाद्‌वेळीच येई. चक्रीवादळं बंगालच्या उपसागराची. आपला अरबी समुद्र त्या मानानं थंड. वादळ पोसायला पाण्याचा वरचा थर साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला लागतो. शिवाय ऐन पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे उलट दिशांनी वाहतात आणि वादळाची उतरंड रचण्याआधीच मोडतात. म्हणून धोका मे-जूनला आणि पुन्हा ऑक्टोबरनंतर.

आता समुद्रच तापलाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळाचा हिशेब मांडला. त्यातल्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ नंतर अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, ती टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या थोडी घटली. अमुक एक वादळ तापमानवाढीनंच आणलं, असं कुणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही. तापलेलं पाणी वादळाला बळ देतं, आणि तापलेली हवा जास्त बाष्प धरून जास्त पाऊस ओतते, एवढं ते ठामपणे सांगतात.

आमच्या किनाऱ्यानं हे अनुभवलं. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मधून आत शिरलं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. नागाव-चौलपासून श्रीवर्धन-दापोलीपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, एवढंच नशीब. पुढच्याच वर्षी 'तौक्ते' मेच्या मध्यावर आलं, पावसाळी मासेमारीबंदीला दोन आठवडे असताना. ते किनाऱ्याला न टेकता गुजरातकडे गेलं. पण मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडून ७० हून अधिक कामगार मेले.

म्हणजे दोन वर्षांत दोन तुफानं. माझ्या पुतणीचं वय त्यांच्यावरून सांगायचं तर आधी 'कुठलं?' असं विचारावं लागेल.

वाडीवाल्याला मात्र दुसरंच गणित पडलंय. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं, वाडी भरात यायला आणखी काही. पणजोबांना ती वर्षं बिनघोर मिळत. चुलतभावानं 'निसर्ग'नंतर मोडलेल्या पोफळींच्या जागी निम्म्या वाडीत दालचिनी लावली. झाड ठेंगणं, तीन-चार वर्षांत साल काढता येते, वाऱ्याला धरायला फारसं काही उरत नाही. उंच झाडांची हौस आजोबांनी भागवून घेतली, असं तो म्हणतो, आणि उरलेल्या निम्म्या वाडीत तरीही पोफळीच लावतो.