महसूल, मनाई आणि पिणारा

‘पिणे कमी, महसूल जास्त’ हे मुंबई इलाख्याच्या अबकारी धोरणाचे सूत्र होते आणि १८७८च्या अबकारी कायद्याने त्याला धार आणली. त्याआधी ठाणे-कुलाब्यात मोहाची दारू गावोगावी गाळली जाई आणि भंडारी समाजाचे लोक ताडी-माडी काढत. कायद्याने गाळणे मध्यवर्ती भट्ट्यांकडे व विक्री मक्तेदारांकडे नेली, ताडामाडांवरचा कर चढत गेला आणि १८९२मध्ये या दोन जिल्ह्यांत मोहफुलांवरही बंधने आली. महाग झाली की दारू कमी खपते, हे खरेच आहे; आजचे आरोग्यतज्ज्ञही करवाढीचा आग्रह धरतात. पण कर कशावर बसला, हे पाहायला हवे. ताज्या ताडीत मद्यार्क चार-पाच टक्क्यांच्या आसपास असतो, तर भट्टीची दारू तिच्या कितीतरी पट कडक असते. सौम्य पेय महाग करून कडक दारूची दुकाने उघडली, तर तिजोरी भरते आणि गरिबाच्या यकृतावरचा भार वाढतो. जोतीराव फुले यांनी १८८०मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला, तेव्हा त्यांचा रोख वस्तीत सहज मिळणाऱ्या दारूवर होता.

पुढे काँग्रेसने हे सूत्र उलटे केले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर या डॉक्टरकडे होती. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी आली आणि बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर कर बसवला गेला. आरोग्यासाठी उत्पन्नावर पाणी सोडण्याची ही तयारी दुर्मीळच म्हणावी लागेल. पण १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी, बीअर आणि भट्टीची दारू एकाच पंक्तीला बसवली. गुन्हा सारखाच असेल, तर चोरून विकणारा कमी जागेत जास्त नशा मावेल असाच माल निवडणार. म्हणून बंदीच्या मुंबईत ताडीपेक्षा हातभट्टीची चलती झाली. अबकारीने महसुलापायी जे केले, तेच बंदीने नकळत केले.

यावर आक्षेप येईल की बंदीने पिणे घटते आणि त्याचा पहिला लाभ घरातल्या बायकांना होतो. तो खोडून काढता येत नाही. गडचिरोलीतली बंदी लोकांच्या चळवळीतून आली, आणि महाराष्ट्रात दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची तरतूद झाली, ती याच अनुभवातून. पण ही ताकद गावाच्या निर्णयाची आहे. राज्यभराच्या हुकमातून ती येत नाही. दुसरा आक्षेप ताडीही शेवटी दारूच, हा. खरे आहे, कोणतेही मद्य निर्धोक नाही. मात्र धोका मद्यार्काच्या मात्रेबरोबर वाढतो आणि बेकायदा मालात मिथेनॉल आले तर तो प्राणावर बेततो. २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा शहरात परवाना असलेली दुकाने उघडीच होती. त्या माणसांना परवडणारी दारू मात्र तिथे नव्हती.

या इतिहासातून निघणारे धोरण साधे आहे: कर मद्यार्काच्या प्रमाणात लावावा, दुकानांची संख्या व वेळ आवरावी आणि दुकान नको म्हणण्याचा हक्क वस्तीला द्यावा. महसूल किती आला, गुन्हे किती नोंदले, हे सरकारने दीडशे वर्षे मोजले. आता किती माणसे आजारी पडली आणि किती वाचली, हे मोजायला हवे.