थाप न देणारा हात

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांनी जुजुत्सूचे ब्राझिलियन उस्ताद एलियो ग्रेसी यांचा हात कोपरात दुमडून पाठीमागे पिळला. हार मानायची तर थाप मारायची, असा रिवाज. एलियोंनी थाप मारली नाही. हाड मोडल्याचा आवाज ऐकल्याचे किमुरांनी पुढे लिहून ठेवले आहे. अखेर थोरले बंधू कार्लोस यांनीच लढत थांबवली. आजच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये तो डाव 'किमुरा' याच नावाने शिकवतात.

आम्हांला कोडे पडते ते निराळेच. या विद्येचा रोजचा सराव थापेवरच तर चालतो! सांधा ताणला की शिकणारा थाप देतो, जोडीदार तत्क्षणी पकड सोडतो, पुन्हा झोंबाझोंबी सुरू. एका संध्याकाळी दहादा हरावे आणि ते मनाला लावून घेऊ नये, ही तिथली पहिली शिकवण. मग जाहीर लढतीत तोच हात का गोठावा? १९९९ साली जपानमध्ये काझुशी साकुराबा यांनी एलियोंचे पुत्र रॉयलर यांना याच डावात पकडले. तेही बधले नाहीत, पंचाने लढत थांबवली. २००० साली कार्लोस यांचे नातू रेन्झो यांचे कोपर त्याच साकुराबांच्या त्याच डावात निखळले. थाप नाहीच.

याला शौर्य म्हणायला आमची जीभ रेटत नाही. फार तर कुळाचार म्हणू. रेन्झो यांनी मात्र लढत संपताच रिंगणात उभे राहून सांगितले की, सबब काहीही नाही, साकुराबाच सरस ठरले.