धुराचा हिशेब

कोळशाबरोबर त्यातले गंधकही जळते, हे बॉयलरवरच्या माणसाच्या घशाला आधी कळते. शास्त्राला मागाहून विचारावे. विचारले म्हणजे हिशेब सोपा निघतो. १ टन गंधक जळले की २ टन सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो बांधून टाकावयास ३ टनांहून थोडी अधिक चुनखडी लागते.

१९२९ साली लंडनच्या बॅटर्सी वीजकेंद्रावरून हाच हिशेब ऐरणीवर आला. टेम्सच्या पलीकडे राजवाडा आणि चित्रसंग्रह. धुराने चित्रे बिघडतील, दगडी इमारती झिजतील, म्हणून गहजब उडाला. पूर्व लंडनचे मजूर पिढ्यान्‌पिढ्या कोळशाचा धूर गिळीत आले होते. त्यांच्यासाठी धूर धुण्याची अट कोणी घातली नव्हती.

अभियंत्यांनी आधी लहान यंत्रावर प्रयोग करून आकडे बसविले. १९३३ पासून वीज देऊ लागलेल्या त्या केंद्रात नदीचे पाणी व खडू यांनी धूर धुतला जाई आणि १० तील ९ भाग वायू निघून जाई. तथापि दोन रकमा वहीत राहिल्याच. वायूचे क्षार नदीत गेले. आणि थंडावलेला धूर उंच न चढता खाली उतरू लागला. महायुद्धात तर पांढरा लोट शत्रूच्या विमानांना दिसेल म्हणून धुणेच बंद ठेवले.

पुढे १९५२ च्या ५ ते ९ डिसेंबरच्या धुरक्याने लंडनमध्ये सुमारे ४,००० माणसे दगावल्याचे त्या वेळी मोजले गेले. नंतरचे अंदाज याहून मोठे आहेत. १९५६ साली कायदा झाला, पण त्याचा रोख मुख्यतः काजळीवर होता, गंधकावर नव्हे.

आपल्या मुंबईतही ट्रॉम्बेच्या केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची सोय १९८० च्या दशकात झाली. देशभरच्या केंद्रांना २०१५ साली मर्यादा घातली गेली. २०२५ च्या जुलैत मात्र बहुसंख्य केंद्रांना तीतून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचे एक कारण. ते खरेच आहे. पण दिवसाला ७,००० टन कोळसा जाळणारे केंद्र घ्या आणि गंधक शेकडा अर्धाच धरा. ३५ टन गंधक, म्हणजे जवळजवळ ७० टन वायू, रोज.

पगारपत्रकाची बेरीज तपासावयास आम्ही कामगार भांडून शिकलो. टक्केवारी सांगणाऱ्याला 'कशाची टक्केवारी?' असे विचारण्याची सवय तिथलीच. धुराच्या बाबतीतही ती सोडू नये.