दाब चढवणारा डबा

रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचं, पायाखाली साप आहे की पाइप हे चाचपडत दारं धरायची. शिरोळ, कागल, करवीरच्या घराघरांतलं हे दुखणं. दिवसा दहा तास वीज द्या म्हणून 2022 साली शेतकरी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले, ते यासाठीच. आता बांधावर सौर पॅनेल दिसतात. येणारा-जाणारा पॅनेल बघतो. मला पॅनेल आणि मोटर यांच्यामधल्या, खांबावरच्या डब्याचं अप्रूप आहे.

एक पॅनेल तीस-चाळीस व्होल्ट देतं, तेही डीसी. थ्री फेज मोटरीला हवी 415 व्होल्टची एसी, आणि ती घडवायला आत जवळपास सहाशे व्होल्ट डीसी लागते. पॅनेल एकापुढे एक जोडून तेवढा दाब मिळाला तर ठीक, नाहीतर तो चढवावा लागतो.

कसा चढतो, हे उपसा योजनेवरच्या माणसाला लगेच समजेल. पाणी भरधाव असताना व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइप हादरतो, कधी फुटतो. तारेच्या गुंडाळीतला प्रवाहही असाच. वाट तोडली की उसळी घेतो. फॅरडेने 1831 मध्ये विद्युत प्रवर्तन दाखवलं आणि पाचच वर्षांनी निकोलस कॅलन या आयरिश धर्मगुरूने बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टमधून जबर झटका देणारी गुंडाळी बनवली. पुढे त्याच युक्तीने पेट्रोल इंजिनाच्या प्लगला ठिणगी मिळाली. म्हणजे मोटारसायकलची इग्निशन कॉइल बदलणारा मेकॅनिक या डब्याच्या भावकीला रोज हाताळतो. डब्यात वाट तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो, सेकंदाला हजारो वेळा.

चढवलेल्या डीसीची एसी करतो तो डब्यातला इन्व्हर्टर. हा शब्द लोडशेडिंगने आपल्या घरात आणला, म्हणून तो ऐकला की आपल्याला बॅटरीच आठवते. मूळ अर्थ ‘उलटवणारा’. एसीची डीसी करतो तो रेक्टिफायर. तेच काम उलटं केलं की इन्व्हर्टर. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या डेव्हिड प्रिन्स यांनी 1925 मध्ये याच नावाचा लेख लिहिला. त्या काळी या कामाला काचेच्या नळ्या होत्या. आजच्या मोठ्या इन्व्हर्टरमधला आयजीबीटी हा स्विच त्याच कंपनीत घडला, चेन्नईत जन्मलेल्या जयंत बालिगांच्या हातून.

सकाळी सात वाजता या डब्याजवळ उभं राहावं. ऊन कोवळं असतं, मोटर मंद गुणगुणते, पाइपाचं तोंड कोरडंच. आत डबा थोडी जास्त वीज ओढून बघतो. ताकद वाढली तर पुढे जातो, घटली तर मागे येतो. दारं धरणारा खोऱ्याने चिमूटभर माती सरकवून पाण्याचा अंदाज घेतो, अगदी तसं. ऊन चढेल तशी फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झकडे सरकते आणि पाइपातून आधी हवा, मग गढूळ चूळ, मग भरलेली धार येते. ढग आला की पुन्हा धार बारीक.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिन खोलून पिढ्या शिकल्या. आयटीआय-पॉलिटेक्निकच्या पोरांनी बिघडलेला डबा भंगारात टाकण्याआधी असाच खोलावा, मापं घ्यावीत, पुढचा इथंच बनवावा. मात्र स्विच बंद केल्यावरही आतला कपॅसिटर काही मिनिटं शेकडो व्होल्ट धरून असतो. आधी पॅनेलची जोडणी तोडा, झाकणावर लिहिलेला वेळ थांबा, मीटर लावून शून्य बघा, मगच हात घाला.