कातीव

आपल्या समीक्षेत ‘कातीव’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. एखाद्याची शैली कातीव असते, एखाद्या कथेचा शेवट कातीव असतो. हा शब्द कातारी या कारागिराच्या हाताखालून आला आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात असतेच असे नाही. वस्तू फिरती ठेवायची, हत्यार स्थिर धरायचे आणि नको तो भाग तासून काढायचा, हे कातणे. सूत काढणे हेही कातणेच. परळ-लालबागच्या गिरणीत ही दोन्ही कातणी एका आवारात चालत: सूतकताईच्या खात्यात सुताचे आणि दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचे. पहिल्याविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले. दुसऱ्याविषयी लिहायचे तर लेथपासून सुरुवात करावी लागेल. आणि तीही कारखान्यातल्या अजस्र लेथपासून नव्हे, तर घरी किंवा घराशेजारच्या गाळ्यात ठेवण्यासाठी कोणी तरी निवडून आणलेल्या लहान लेथपासून.

घरासाठी यंत्र निवडण्याचे या भागातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लेथचे नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र व छपाईचे यंत्र निवडून आले. दादरच्या राहत्या घरात सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडत. भोकांमधले अंतर चुकले तर पडद्यावरचे चित्र थरथरणार. घरगुती यंत्राकडूनही कारखान्याइतकाच काटेकोरपणा हवा असतो, हे त्या घराला आपल्या आधी कळले होते. मात्र यंत्र निवडायचे तर विलायतेला जायचे, अशी तेव्हाची स्थिती होती.

ती बदलण्यात मुंबईतल्याच एका शिक्षकाचा वाटा आहे. चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंगांधळेपणामुळे ती वाट सोडावी लागली. १८८७ साली भायखळ्याला सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर ते बेळगावला गेले. पुढचा लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी सर्वांना ठाऊक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना किर्लोस्कर म्हणजे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघालेले मासिक. टर्नरला विचाराल, तर किर्लोस्कर म्हणजे लेथ. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिचे लेथ देशभर गेले. तो कारखाना आता बंद आहे, पण त्याचे जुने लेथ अजून विकले-घेतले जातात. एकाच नावाचे हे दोन वाचकवर्ग एकमेकांना कधी भेटले नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता निवडीकडे वळू. इंग्लंडमध्ये घरगुती लेथ हा बागेतल्या खोपटात रमणाऱ्या हौशी माणसाचा विषय होता. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ पासून त्याच्यासाठीच निघत होते आणि १९४६ साली आलेला मायफर्डचा एमएल-७ हा लेथ त्याच्याच मापाचा होता. गिरगावच्या चाळीत खोपट कुठले? वरच्या मजल्यांची जमीन लाकडी तुळयांवर पेललेली. आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवर ओळखतात. चार फुटी म्हणजे लहानच, तरी त्याचे वजन काही माणसांचे असते. त्यामुळे पहिला प्रश्न जमिनीचा. दुसरा विजेचा: गिरणीत तीन फेज, घरात एकच; म्हणजे कारखान्यातून निघालेला लेथ घरी आणला तर मोटर बदलणे आलेच.

तिसरा प्रश्न झिजेचा. जुन्या लेथचा बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक काम चकाजवळ होते, म्हणून तिथे तो खोल जातो आणि टेलस्टॉककडे जवळजवळ नवा राहतो. अशा लेथवर लांब दांडा कातला तर तो एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक उतरतो. जाणता माणूस रंगाकडे पाहत नाही. कॅरेज चकाजवळ घट्ट बसवतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहतो. वाटेत ती अडली, तर बेड चकाजवळ झिजला आहे हे कळते.

चौथा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. जुन्या विलायती लेथचा लीड स्क्रू इंचाच्या मापाचा असतो. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. बाजारात मिलिमीटरचे बोल्ट आले, पण लेथ इंचाचाच राहिला. त्यावर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे चक्र लागते. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या असल्याने लहान चक्रांच्या गुणाकारातून ती मिळत नाही. त्याहून लहान चक्रांवर अदमासे काम भागते, नेमके होत नाही. राज्य कधी बदलले आणि माप कधी बदलले, यांमधले अंतर त्या एका चक्रात मोजता येते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्यांतले कितीतरी जुने माग भिवंडीला गेले, पुष्कळ विणकर मात्र इथेच राहिले. मागाशिवाय विणकराचे कसब निराधार होते. टर्नरची गोष्ट थोडी निराळी होती, कारण त्याच्या कसबाला सुताची गरज नव्हती. एक जुना लेथ आणि एखादा भाड्याचा गाळा मिळाला, तर तो पंपाचा शाफ्ट किंवा रिक्षाचा बुश कातून देऊ शकत होता. हे ‘तर’ फार मोठे होते, हे मान्य करायला हवे. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न कोणत्याही कसबाला सुटत नाही. तरीही लहान लेथची निवड त्या काळात हौसेची राहिली नव्हती. चुकीचा, झिजलेला लेथ घेणे म्हणजे ग्रॅच्युइटी बुडवणे.

आज चीनमध्ये बनलेले टेबलावर मावणारे लेथ घरपोच मिळतात. एका फेजवर चालतात आणि दोघांनी उचलले तर जिन्यावरून वर जातात. त्यांतल्या पुष्कळांची चक्रे प्लास्टिकची असतात, जोराचा काप घेतला की दाते उडतात. हौशी माणसाला ते पुरतात. पोटासाठी कातणारा मात्र अजून राजकोटचा नवा किंवा कुठल्या तरी बंद कारखान्यातला जुना लेथ शोधतो आणि विलायती जुना निघाला, तर भाव विचारण्याआधी चक्रांची पेटी उघडायला सांगतो. त्यात १२७ आहे का, ते आधी मोजतो.