तेरचं कापड, भडोचचं बंदर

जागतिकीकरण समजून घ्यायला काय वाचू, असं ऑफिसातली नवी मुलं विचारतात तेव्हा उत्तरं ठरलेली असतात. थॉमस फ्रीडमनचं ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ (२००५), बंगळुरूच्या आयटी कंपन्यांपासून सुरू होणारं. मार्क लेव्हिन्सनचं ‘द बॉक्स’ (२००६), लोखंडी कंटेनरनं जगाचा व्यापार कसा बदलला ते सांगणारं. दोन्ही वाचाच. पण मी बीड जिल्ह्यातला, कपिलधारच्या बाजूचा. माझ्या यादीत पहिलं नाव आहे ते जवळपास दोन हजार वर्षं जुनं.

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. एरिथ्रियन म्हणजे तांबडा, पण त्या काळी या नावात अरबी समुद्र आणि हिंदी महासागरही धरायचे. लेखकाचं नाव हरवलंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीकमध्ये लिहिणारा व्यापारी, एवढंच कळतं. ६६ छोटे परिच्छेद. पुण्याहून बीडला एसटीनं जाताना वाचून संपेल. लेखनाची ऐट अजिबात नाही. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, वारा कधी सुटतो, गलबत कुठं आपटतं. आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, आणि इतकं नेटकं आमच्याकडे क्वचितच असतं.

५१व्या परिच्छेदात तो म्हणतो, की दक्षिणापथात दोन बाजारपेठा खास महत्त्वाच्या. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर. पैठणहून रंगीत मौल्यवान खडे येतात, तगरहून साधं कापड भरपूर, शिवाय तलम कापडाचे प्रकार. रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून हा माल गाड्यांवर लादून भडोचला पोचतो.

तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बरेच तर्क झाले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातलं तेर असल्याचं दाखवून दिलं. आपण तेर ओळखतो गोरा कुंभारांचं गाव म्हणून.

मी ही अंतरं मोजून बघितली. भडोच ते पैठण नकाशावर सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर, भागिले वीस दिवस. पैठण ते तेर साधारण दीडशे, भागिले दहा. दोन्हीकडे दिवसाला पंधरा ते सतरा-अठरा किलोमीटर येतात. लादलेली बैलगाडी वळणावळणानं जाते हे धरलं तरी आकडा पटतो. लेखक भडोच सोडून आत आल्याचं त्याच्या लिहिण्यावरून दिसत नाही. दिशाही त्यानं पूर्व दिलीय, खरं तर तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. दिवस मात्र बरोबर आहेत. ते त्याला सांगितले असतील गाड्या हाकणाऱ्यांनी, नाहीतर ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं त्यांनी.

पैठण आणि तेर यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर ती मांजरसुंबा-कपिलधारच्या जवळून जाते. गाड्या नेमक्या तिथूनच गेल्या, असं माझं म्हणणं नाही. गाडीवाट पट्टी बघून चालत नाही, पाणी आणि उतार बघून चालते. पण तेर बालाघाटाच्या पठारावर आणि पैठण खाली गोदावरीच्या काठी, म्हणजे डोंगर कुठंतरी उतरावाच लागतो. आज कपिलधार माहीत आहे ते धबधब्यासाठी आणि मन्मथस्वामींच्या समाधीसाठी. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून लोक येतात.

खरी गंमत पुढच्या परिच्छेदात आहे. तेरहून कल्याण सरळ रेषेत साधारण ३३० किलोमीटर, आणि पैठणवरून भडोच गाठायचं तर ५००. मध्ये नाणेघाटासारखी वाटही होती. मग माल लांबच्या बंदरात का? लेखक सांगतो, कल्याण पूर्वी रीतसर बंदर होतं, आता तिथं अडथळे आहेत. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथं लागलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. तेव्हा क्षत्रप आणि सातवाहन यांची किनाऱ्यासाठी झुंज चालू होती. ‘जग सपाट आहे’ हे मला तेव्हापासून पटेनासं झालं. बंदर कुणाच्या ताब्यात, यावर तेरच्या गाडीला किती दिवस चालायचं ते ठरत होतं.

त्याच शतकात रोममध्ये प्लिनी तक्रार करत होता, की भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. त्यातलं तेरच्या मागावर किती पोचलं असेल? तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्री-प्रतिमा बघा आणि मोबाइलवर पाँपेईत सापडलेली शोधा. घडण इतकी जवळची आहे की माणूस दोन्हींकडे बघत राहतो. ज्वालामुखीनं पाँपेई गाडलं ते इसवी सन ७९ मध्ये. विणकराचं नाव मात्र ना पेरिप्लसमध्ये, ना प्लिनीकडे.

पेरिप्लसनंतर पिएट्रा रिव्होली यांचं ‘द ट्रॅव्हल्स ऑफ अ टी-शर्ट इन द ग्लोबल इकॉनॉमी’ (२००५) घ्या. एका टी-शर्टचा माग काढत त्या टेक्सासच्या कापसापर्यंत जातात. तिथला शेतकरी जगात टिकतो, यात सरकारी अनुदानाचा वाटा किती, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलांनी वाचायला हवं. मग स्वेन बेकर्ट यांचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (२०१४). त्यात वऱ्हाड सापडेल. १८५३ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि पुढं कापसापाठोपाठ तिथं रेल्वे आली. बीड निजामाकडेच राहिलं. बीड शहरातून प्रवासी गाडी सुटायला २०२५ उजाडलं.

या कुठल्याच पुस्तकात नसलेली एक वाहतूक कपिलधारच्या यात्रेच्या सुमारास बघायला मिळते. दिवाळी होते, साखर कारखाने पेटतात, आणि बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला हंगामभर राबायचं. तेरहून कापड जायचं, आता माणसं जातात. भडोचला राजासाठी येणाऱ्या मालाच्या यादीत पेरिप्लसनं चांदीची भांडी आणि उंची दारू यांच्याबरोबर गाणारी मुलं आणि जनानखान्यासाठी मुलीही नोंदवल्यात, त्याच ओळीत. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात.