अर्ध्या कोयत्याचे हक्क

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले आणि बीड निजामी राजवटीतून मुक्त झाले. त्यानंतर ८४ दिवसांनी, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यातील इंग्रजी शब्दाचा अर्थ 'सर्व पुरुष' असाही होत होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली आणि तेथे 'सर्व माणसे' आले. कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या १९४६ साली कुलगुरू झाल्या होत्या. शब्दात बाई दिसली नाही तर व्यवहारातही ती दिसत नाही, हे त्या जाणून होत्या.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आमच्या भागातील मुलींना पदवीची वाट जवळ आली. आज बीडच्या महाविद्यालयांत मानवी हक्क दिन साजरा होतो. विद्यार्थिनी कलमे पाठ म्हणतात. पण त्याच दिवशी कित्येकींचे आईवडील उसाच्या फडात असतात आणि तिथला शब्द वेगळा आहे. नवराबायको मिळून 'एक कोयता'. एकटे माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती जोडीला. बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब नसतो. कोयता पुरा व्हावा म्हणून शाळकरी मुलींची लग्ने उरकली जातात.

याचे परिणाम सरकारी आकड्यांत आहेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत कमी होते. २०१९ मध्ये जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक.

हक्कांची जाणीव मोजायची तर पाठ कलमांवरून मोजू नये. शस्त्रक्रियेआधी अंगठा घेतलेल्या कागदावर काय लिहिले आहे, धाकट्या बहिणीचे वय लग्नात किती सांगितले, उचलीच्या हिशेबात आईचे नाव कुठे आहे, हे घरात वाचू शकणारी बहुधा ही शिकलेली लेकच असते. तिच्या अभ्यासक्रमात पॅरिसबरोबर फडही यायला हवा.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा टोळ्या गाव सोडत असतील. हंसाबाईंनी मसुद्यातला एक शब्द बदलून घेतला. 'कोयता' या शब्दातून आईला वेगळे काढण्याचे काम बीडच्या विद्यार्थिनीकडे अजून शिल्लक आहे.